मदत हवी आहे: बॉम्बमधल्या ५०० टन युरेनियमचा हिशेब जुळत नाही

घाटमाथा:
अमेरिका-रशियाच्या १९९३ च्या ‘मेगाटन्स टू मेगावॉट्स’ कराराबद्दल वाचतोय. २०१३ पर्यंत रशियन अण्वस्त्रांतलं ५०० टन अतिसमृद्ध युरेनियम पातळ करून १४,४४६ टन अणुभट्टीचं इंधन झालं, असा आकडा मिळतो. मी ९०% माल (टक्के म्हणजे त्यातला यु-२३५, युरेनियमचा सहज फुटणारा प्रकार) नैसर्गिक युरेनियमात (०.७११%) मिसळून ४.४% वर आणून पाहिला. किलोला २३.२ किलो लागतं, म्हणजे मूळ माल धरून एकूण १२,१०० टन. उरलेले २,३०० टन कुठून आले?

अणुरेणू:
सूत्र बरोबर, मिसळायचा माल चुकला. रशियाने १.५% चं युरेनियम वापरलं. (९०−४.४)÷(४.४−१.५) = २९.५, म्हणजे किलोचे साडेतीस किलो. ५०० टनांचे १५,२५० होतात. आता जास्त झाले ना? कारण सगळा माल ४.४ चा नव्हता, ग्राहकागणिक बदलायचा. ४.६ धरलात तर १४,२७० येतात.

१.५% कशाला, तर यु-२३४ या युरेनियमच्याच दुसऱ्या प्रकारामुळे. समृद्ध करताना, म्हणजे यु-२३५ चं प्रमाण वाढवताना, हा समस्थानिक (त्याच मूलद्रव्याचा वेगळ्या वजनाचा अणू) यु-२३५ पेक्षाही भराभर वर चढतो. ९०% मालात तो टक्काभर असतो. नैसर्गिक युरेनियम घालून तो इंधनाच्या मानकात बसत नाही. म्हणून समृद्धीकरणातून उरलेला चोथा, ज्यात यु-२३४ अगदीच कमी, तो सेंट्रिफ्यूजमधून (समृद्ध करणाऱ्या वेगाने फिरणाऱ्या यंत्रांतून) १.५% पर्यंत चढवून मिसळला. पातळ करण्यासाठी आधी समृद्ध करायचं, असा उलटा कारभार! पण इंधनातला ३३% यु-२३५ या चोथ्यातून येतो. नैसर्गिकमधून जेमतेम १५% आला असता.

घाटमाथा:
आभार. मिसळतात कसं, धातू वितळवून?

टी-जोड:
नाही, वायूत. धातूचे भाग किसून चुरा करायचा, तो भाजून ऑक्साइड, मग प्लुटोनियमचे अंश काढायला रासायनिक शुद्धीकरण, शेवटी फ्लोरीन देऊन यूएफ६ (युरेनियम हेक्साफ्लोराइड). रशियातल्या नोवोउराल्स्क, झेलेनोगोर्स्क आणि सेवेर्स्कला हा वायू १.५% च्या वायूला टी आकाराच्या जोडात भेटायचा. टीच्या तिन्ही नळ्यांवर अमेरिकेची मापकं होती, समृद्धी आणि प्रवाह दोन्ही मोजणारी. नुसतं तयार इंधन तपासून ते बॉम्बच्याच मालातून आलंय हे कळत नाही.

तयार माल ३०बी नावाच्या ठरावीक मापाच्या सिलिंडरात, जास्तीत जास्त २,२७७ किलो यूएफ६. त्यात युरेनियम १,५४० किलो, म्हणजे एका सिलिंडरमागे बॉम्बचा सुमारे ५० किलो माल संपला. ही मर्यादा ओलांडायची नाही: घन यूएफ६ वितळताना तिसऱ्या हिश्शाहून जास्त फुगतो. १९८६ मध्ये ओक्लाहोमातल्या गोरला जास्त भरलेला सिलिंडर तापवताना फुटला. हवेतल्या ओलाव्याशी संयोग होऊन हायड्रोजन फ्लोराइड तयार झाला आणि एक कामगार गेला.

अणुरेणू:
एक भर. हे काम रसायनापेक्षा पैशांत जास्त अडलं. अमेरिकी कंपनी रोख द्यायची ती फक्त समृद्धीकरणाच्या श्रमाची. युरेनियमचा मोबदला नैसर्गिक युरेनियमच्या रूपात रशियाच्या नावे साठत गेला आणि बाजारभाव पडलेला. मार्च १९९९ मध्ये तीन पाश्चात्त्य कंपन्यांनी तो साठा विकत घ्यायचा करार केला, तेव्हा गाडी पुढे सरकली.