युद्धातील घोड्यांवरची बालपुस्तके : कोणती द्यावीत आणि का?

प्रश्न : वाचनवेल

नऊ ते बारा वर्षांच्या मुलांच्या एका वाचनगटासाठी मी पुस्तके निवडत आहे. गटातील काही मुलांना घोड्यांचे विलक्षण आकर्षण आहे. शेतातल्या आणि शर्यतीतल्या घोड्यांच्या गोष्टी वाचून झाल्यावर त्यांनी आता युद्धातील घोड्यांविषयी काही वाचायला मागितले आहे. अशी पुस्तके बरीच आहेत. अडचण निवडीची आहे. काही पुस्तकांत घोडा म्हणजे जणू हौसेने फौजेत भरती झालेला शूर शिपाई असतो आणि शेवटी त्याला पदक मिळते. काहींत इतके मरण आहे की पुस्तक मिटल्यावर मुलाशी काय बोलावे, हेच सुचत नाही. त्यातच बहुतेक गोष्टी घोड्याच्याच तोंडून सांगितलेल्या असतात. ही पद्धत मला कधी अतिशय प्रामाणिक वाटते, तर कधी वाचकाच्या डोळ्यांत पाणी आणण्याची सोपी वाट वाटते. ज्यांनी ही पुस्तके मुलांबरोबर वाचली आहेत, त्यांनी केवळ नावे न देता, एखादे पुस्तक का द्यावे किंवा का देऊ नये, हेही लिहावे, ही विनंती.

उत्तर : रिकीब

मायकेल मॉर्पर्गो यांच्या १९८२ सालच्या ‘वॉर हॉर्स’ला वगळून या विषयावर बोलता येणार नाही, म्हणून तेथूनच सुरुवात करतो. डेव्हन परगण्यातल्या एका शेतावरचा जोई हा घोडा १९१४ साली सैन्याला विकला जातो आणि पहिल्या महायुद्धाच्या पश्चिम आघाडीवर जातो, एवढे कथानक बहुतेकांना चित्रपटामुळे माहीत असते. पुस्तकाचे खरे बळ मात्र जोईच्या हातबदलात आहे. इंग्रज घोडदळातून तो जर्मनांच्या हाती पडतो, जखमी सैनिकांची गाडी ओढतो, एमिली नावाची फ्रेंच मुलगी आणि तिचे आजोबा यांच्या शेतावर काही काळ राहतो आणि पुन्हा तोफा ओढण्यासाठी नेला जातो. प्रत्येक ठिकाणी त्याला कोणीतरी माया लावणारे भेटते आणि प्रत्येक ठिकाणी कोणीतरी त्याला मरेपर्यंत राबवणारेही भेटते. शत्रू कोण, हे त्याला कळत नाही, आणि कळत नसल्यामुळेच दोन्ही बाजूंची माणसे वाचकाला सारख्याच जवळून दिसतात. माणसाला निवेदक केले असते तर हे साधण्यासाठी लेखकाला बरीच कसरत करावी लागली असती.

दुसरी गोष्ट म्हणजे, घोडदळाचा हल्ला पुस्तकात लवकर संपतो आणि उरतो तो चिखल. काटेरी तार आणि मशीनगन यांच्यापुढे घोडदळ निष्प्रभ ठरले, तरी तोफा, दारूगोळा, धान्य आणि जखमी माणसे वाहून नेण्यासाठी घोड्यांची आणि खेचरांची गरज शेवटपर्यंत राहिली. त्या युद्धात सुमारे ८० लाख घोडे, खेचरे आणि गाढवे मेली, असा अंदाज दिला जातो, आणि त्यांतील फार मोठी संख्या गोळीने नव्हे, तर थकवा, उपासमार, थंडी आणि रोग यांनी गेली. जोईचा सोबती टॉपथॉर्न कोणत्याही पराक्रमात मरत नाही. ओझे ओढून ओढून त्याचे हृदय थांबते. एखाद्या पुस्तकाचा प्रामाणिकपणा तपासायचा असेल, तर मी प्रथम हेच पाहतो की लेखकाने धावण्याला किती पाने दिली आहेत आणि ओढण्याला किती.

घोड्याला निवेदक का केले, याचा उलगडा मॉर्पर्गो यांनी अनेकदा केला आहे. त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने शहरी मुलांना काही दिवस शेतावर राहता यावे, यासाठी १९७६ साली एक संस्था सुरू केली. तेथे आलेला, बोलताना अडखळणारा आणि कोणाशीही न बोलणारा एक मुलगा रात्री तबेल्यात घोड्याशी मोकळेपणाने बोलताना त्यांना दिसला, आणि घोडा ऐकतो आहे, याची त्यांना खात्री पटली. त्यामुळे त्यांचा जोई बोलणारा कमी आणि ऐकणारा अधिक आहे.

दहा वर्षांच्या पुढच्या मुलांना हे पुस्तक निःशंकपणे द्यावे. त्याहून लहान असतील तर मोठ्याने वाचून दाखवावे आणि टॉपथॉर्नच्या मृत्यूचे प्रकरण दिवसाच्या शेवटी येऊ देऊ नये. चित्रपट आधी दाखवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. २०११ सालच्या चित्रपटात अल्बर्ट, म्हणजे जोईला शेतावर वाढवणारा मुलगा, खंदकांत लढतो, तर पुस्तकात तो पशुवैद्यकीय दलात भरती होतो. जोईला शोधायला निघालेला मुलगा घोड्यांची शुश्रूषा करण्याच्या कामाला लागतो, हा पुस्तकातला धागा चित्रपटात हरवतो.

उत्तर : कोपऱ्यातला वाचक

रिकीब यांनी लिहिलेले बहुतेक पटते, पण निवेदक घोड्याविषयी मला एक आक्षेप आहे. जोईला इंग्रजी, जर्मन आणि फ्रेंच या तिन्ही भाषा सारख्याच समजतात, याला मी हरकत घेत नाही. तेवढी सूट कोणत्याही गोष्टीला द्यावी लागते. परंतु ज्याला माणसांची भाषा आणि मने इतकी नेमकी कळतात, तो कधीच नकार देत नाही, आणि हे लहान वाचकाला घोड्याच्या संमतीसारखे भासू शकते. घोड्याने युद्ध निवडलेले नसते. हे एक वाक्य मुलांशी बोलताना आपल्यालाच उच्चारावे लागते, कारण पुस्तक ते आपल्यासाठी उच्चारत नाही.

याउलट, ॲना स्यूएल यांच्या १८७७ सालच्या ‘ब्लॅक ब्यूटी’तील एक छोटेसे प्रकरण मला या बाबतीत पुष्कळ धीट वाटते. लंडनमध्ये भाड्याच्या गाडीला जुंपलेल्या ब्यूटीला कॅप्टन नावाचा म्हातारा घोडा भेटतो. तो क्रिमियाच्या युद्धातून परतलेला आहे. बोटीवर चढवतानाची भीती, घोडदळाची धडक, पाठीवरचा स्वार कोसळणे, हे सर्व तो कसलाही आव न आणता सांगतो. ते कशासाठी लढत होते, असे ब्यूटीने विचारल्यावर तो म्हणतो की ते घोड्याच्या समजुतीपलीकडचे आहे. मात्र त्यांना मारण्यासाठी एवढा समुद्र ओलांडून जाणे योग्य असेल, तर ते शत्रू भलतेच दुष्ट असले पाहिजेत. हा उपरोध दहा वर्षांच्या मुलांना बरोबर कळतो, आणि त्यावर वर्गात जी चर्चा होते ती मोठ्यांच्या चर्चेपेक्षा सरस असते. पुस्तकाची संक्षिप्त आवृत्ती घेणार असाल, तर हे प्रकरण त्यात आहे की नाही, हे आधी पाहून घ्यावे.

विरुद्ध टोकाचे उदाहरण हवे असेल, तर जॅक सीली या सेनाधिकाऱ्याने आपल्या वॉरियर या घोड्यावर १९३४ साली लिहिलेले पुस्तक चाळावे. ते मुलांसाठी लिहिलेले नाही. अल्फ्रेड मनिंग्ज यांची चित्रे मात्र मुलांना दाखवण्यासारखी आहेत. वॉरियर १९१४ साली फ्रान्सला गेला, जिवंत परतला आणि १९४१ पर्यंत जगला. सीली यांचे त्याच्यावरचे प्रेम खरे आहे, यात शंका नाही, पण स्वाराच्या नजरेतून लिहिले की घोड्याची भीतीसुद्धा शौर्यात जमा होते. २०१४ साली, म्हणजे वॉरियरच्या मृत्यूनंतर सात दशकांनी, त्याला प्राण्यांच्या शौर्यासाठीचे डिकिन पदक मानद म्हणून देण्यात आले. पदक नेमके कोणासाठी असते, घोड्यासाठी की आपल्यासाठी, हा प्रश्न मुलांपुढे खुशाल ठेवावा.

उत्तर : शिंगरू

लहान मुलांसाठी चित्रपुस्तक सुचवते. मार्क ग्रीनवुड यांनी लिहिलेले आणि फ्राने लेसाक यांनी चितारलेले ‘मिडनाइट’ हे पुस्तक गाय हेडन हा ऑस्ट्रेलियन सैनिक आणि त्याच्या घरच्या पागेत जन्मलेली काळी घोडी यांची सत्यकथा सांगते. ३१ ऑक्टोबर १९१७ रोजी पॅलेस्टाइनमधील बेअरशेबा येथे ऑस्ट्रेलियन स्वारांनी जो हल्ला केला, त्यात मिडनाइट मारली गेली. त्या स्वारांजवळ तलवारी नव्हत्या. त्यांनी बंदुकीच्या संगिनी हातात धरून घोडे चौखूर सोडले. हल्ल्याची निकड मुलांना समजावणे सोपे जाते, कारण तिच्या मुळाशी पाणी होते: तहानलेल्या घोड्यांना आणि माणसांना त्या गावातील विहिरी दिवस मावळण्यापूर्वी हव्या होत्या. मृत्यू आहे, पण तो चित्रांतून संयमाने येतो.

विनोदाची गरज भासल्यास कोरियन युद्धातील रेकलेस या घोडीवरची पुस्तके पाहावीत. अमेरिकन मरीन दलाने १९५२ साली तिला एका तरुण कोरियन मोतद्दाराकडून २५० डॉलरना विकत घेतले. भूसुरुंगामुळे पाय गमावलेल्या बहिणीसाठी कृत्रिम पाय घ्यायचा, म्हणून त्याने ती विकली, असे सांगितले जाते. मार्च १९५३ मधील एका लढाईत तिने एका दिवसात तोफगोळे घेऊन ५१ खेपा केल्या आणि त्यांतील बहुतेक एकटीने केल्या, कारण वाट तिच्या अंगवळणी पडली होती. पुढे तिला सार्जंट करण्यात आले. ती अंडी खात असे, बिअर पीत असे आणि संधी मिळताच पत्त्यांच्या डावातल्या चकत्याही चघळत असे, या गोष्टींवर मुले अक्षरशः लोळतात. पुस्तक निवडताना मी एवढेच पाहते की घोडी विकणाऱ्या त्या तरुणाला त्यात किती जागा मिळाली आहे. अनेक लेखक त्याला दोन ओळींत निरोप देऊन पुढे जातात. ज्यांनी त्याच्यापाशी थांबण्याची तसदी घेतली आहे, त्यांचेच पुस्तक घ्यावे.

वाचनवेल

सर्वांचे आभार. एक उपप्रश्न विचारते. युद्ध संपल्यावर हे घोडे घरी गेले का, हे मुले हमखास विचारतील. त्याविषयी प्रामाणिकपणे काही सांगणारे पुस्तक आहे का, आणि ते सांगावे का?

उत्तर : जुना ग्रंथपाल

सांगावे, आणि गुळमुळीत न सांगता सांगावे. ‘वॉर हॉर्स’ येथेही उपयोगी पडते, कारण युद्ध संपल्यावर सैन्य जोईचा लिलाव करते आणि बोली लावणाऱ्यांत खाटीक असतो. मुलांना हा प्रसंग युद्धाच्या प्रसंगांपेक्षा अधिक अस्वस्थ करतो, असा माझा अनुभव आहे, आणि तो कल्पित म्हणून सोडून देता येत नाही. युरोपात त्या काळी हजारो घोडे असेच शेतकऱ्यांना आणि खाटिकांना विकले गेले. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियातून सुमारे १ लाख ३६ हजार घोडे परदेशी पाठवले गेले आणि त्यांतील सँडी हा एकच परत आला. तो तुर्कस्तानातील गॅलिपोलीच्या मोहिमेत जखमी होऊन मरण पावलेल्या जनरल ब्रिजेस यांचा घोडा होता. खर्च आणि रोगराईविषयीचे निर्बंध ही इतरांना न आणण्याची कारणे होती.

याच विषयाला जोडून कैरोची हकीकत सांगावी. ब्रिटिश सैन्याने इजिप्तमध्ये विकून टाकलेले घोडे, म्हातारे आणि हाडांचे सापळे झालेले, डोरोथी ब्रुक यांना १९३० साली कैरोच्या रस्त्यांवर ओझी ओढताना दिसले. त्यांनी १९३१ साली लंडनच्या वृत्तपत्राला पत्र लिहून पैसे गोळा केले, पुढील काही वर्षांत असे सुमारे ५ हजार घोडे विकत घेतले आणि १९३४ साली तेथे घोड्यांचे रुग्णालय उभारले. विकत घेतलेल्यांतील बहुतेकांना वेदनारहित मरण देण्याखेरीज दुसरा इलाज नव्हता, हे दहा-बारा वर्षांच्या मुलांपासून लपवू नये. ती मुले हिशेब बरोबर करतात, आणि उत्तर टाळले की त्यांना ते लगेच कळते.

त्याच्या जोडीला एक पत्र वाचून दाखवावे. १९१४ च्या ऑगस्टमध्ये सैन्यासाठी घोडे ताब्यात घेतले जात असताना इंग्लंडमधील लँकेशरच्या तीन भावंडांनी थेट ब्रिटनचे युद्धमंत्री लॉर्ड किचनर यांना लिहिले की आमचे दोन घोडे आधीच नेले आहेत, निदान बेटी हे तट्टू तरी आमच्याजवळ राहू द्यावे. ठरावीक उंचीपेक्षा लहान घोडे घेतले जाणार नाहीत, असे उत्तर त्यांना मिळाले. वाचनगटातल्या मुलांना स्वतःच्या वयाचा आवाज या साऱ्या प्रकरणात येथे प्रथम ऐकू येतो, म्हणून मी तर ‘वॉर हॉर्स’ सुरू करण्याआधीच हे पत्र वाचतो.

एक सूचना राहिली. ‘वॉर हॉर्स’च्या आरंभी गावाच्या सभागृहात टांगलेल्या जोईच्या चित्राचा जो उल्लेख आहे, तो लेखकाने रचलेला आहे. वाचक ते चित्र पाहण्यासाठी त्या गावी येऊ लागले, म्हणून पुढे तसे चित्र खरोखरच काढून घेण्यात आले. जोई खरा होता का, असे मुलांनी विचारले, तर ही हकीकत सांगून लगेच वॉरियर आणि सँडी यांची छायाचित्रे पुढे ठेवावीत.