मनोरुग्णाच्या झोपेवर वेगळा उपचार हवा, की मूळ आजार आवरला की झोप आपोआप येते?

रंकाळाकाठ: धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. कानातले आवाज जवळजवळ थांबलेत, गोळ्या वेळेवर घेतो. पण रात्री तीनपर्यंत टक्क जागा, आणि दुपारी जेवायला हाका मारून घसा बसला तरी उठत नाही. डॉक्टरांचा दर वेळी एकच प्रश्न, "झोप लागते का?" नाही म्हटलं की रात्रीचा डोस वाढतो. मग दिवसभर पेंगतो आणि रात्री परत जागा. माझं म्हणणं, झोपेला आजाराचं शेपूट समजू नका. तो स्वतंत्र त्रास आहे. जुनाट निद्रानाशाला गोळीच्या आधी सीबीटी, म्हणजे समुपदेशकासोबत बैठका घेऊन झोपेचे विचार आणि सवयी बदलायचा उपचार द्या, असं अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेनं २०१६ मध्येच सांगितलंय. मग माझ्या भावालाच ती का नाही?

मंगळवारपेठी: ताई, राग मानू नका, पण हे धोक्याचं आहे. त्या सीबीटीत अंथरुणातले तास मुद्दाम कमी करतात. आमच्या काकांना बायपोलर आहे, कधी अतिउत्साह तर कधी खोल उदासी. गणपतीच्या मिरवणुकीत रात्र जागून काढली की पुढच्या आठवड्यात माणूस हवेत. एका वर्षी उधारीवर दोन म्हशी दारात आणून बांधल्या. (दूध चांगलं देत होत्या, ते सोडा.) झोप उडणं हीच मॅनियाची, म्हणजे त्या अतिउत्साहाच्या झटक्याची, पहिली चाहूल असते. तिथं औषधच लागतं, ते पण लगेच.

रंकाळाकाठ: बायपोलरमध्ये ती पद्धत जशीच्या तशी वापरतच नाहीत हो. तास फारसे आवळत नाहीत, झोपायची-उठायची वेळ पक्की करण्यावर भर देतात. काकांना जे चालत नाही ते भावालाही द्यायचं नाही, हा कुठला न्याय?

शाहूपुरी केमिस्ट: काउंटरच्या अलीकडून दिसतं ते सांगतो. "झोपेची एक पट्टी द्या की ओ," असं म्हणत रोज कोणीतरी येतं. अल्प्राझोलाम, झोल्पिडेम २०१४ पासून शेड्यूल एच-वन या कडक नियमांच्या सरकारी यादीत आहेत. चिठ्ठी लागते, वेगळ्या रजिस्टरला रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव चढवावं लागतं. सवय लागते म्हणूनच ना? इथपर्यंत ताईंचं बरोबर. पण उलटंही बघतोय. क्लोझापिननं सुस्ती येते, म्हणून घरचे तिला झोपेची गोळी समजतात आणि "आता झोपतोय की" म्हणून परस्पर बंद करतात. ती आजाराची गोळी आहे. दोन दिवसांहून जास्त खंड पडला तर डॉक्टरांना पुन्हा अगदी कमी डोसपासून चढवत न्यावं लागतं. झोपेचा वेगळा उपचार म्हणजे मूळ गोळी सोडणं, असा अर्थ कोणी काढू नये.

इचलकरंजीचा माग: झोपेसाठी सगळे सांगतात, अंधारी खोली, मोबाईल लांब, ठरल्या वेळी अंथरूण. वाचायला ग्वाड वाटतंय. आमच्यात एका खोलीत पाच माणसं आणि भिंतीपलीकडं यंत्रमागाचा खडखडाट. मला स्वतःला आजार आहे, आठवड्याला पाळी बदलते. मालकाला म्हटलं कायम दिवसपाळी द्या, तर म्हणतो सगळेच मागतील. माझी पाळी बदला, निम्मा उपचार तिथंच झाला.

सायकॉलॉजी एमए: दोन्ही बाजू जरा ताणायला लागल्यात. ऑक्सफर्डच्या डॅनियल फ्रीमन यांच्या गटानं २०१५ मध्ये भ्रम-भास टिकून असलेल्या ५० जणांवर हे तपासलं. औषधं चालूच होती, काहींना त्यासोबत झोपेची सीबीटी दिली. त्यांची झोप चांगलीच सुधारली. भ्रम कमी झाले का, ते मात्र तेवढ्या लहान अभ्यासातून ठरवता आलं नाही. म्हणजे "आधी आजार, मग झोप" हे पटत नाही, आणि झोप सुधारली की आजार जाईल हेही सिद्ध नाही. आणखी एक, कोणी विचारलंच नाही. भाऊ घोरतो का? ओलान्झापिन, क्लोझापिन या आजाराच्या गोळ्यांनी वजन वाढतं, त्यातून झोपेत श्वास अडकण्याचा त्रास होऊ शकतो. तसं असेल तर गुंगीची गोळी वाढवणं उलट अंगावर येईल.

रंकाळाकाठ: घोरतो. लग्नाच्या मांडवात ऐकू जाईल इतका. आजवर कोणी विचारलं नाही.

मंगळवारपेठी: विचारणार कधी? ओपीडीत पाच मिनिटं मिळतात, बाहेर बाकड्यावर चाळीस माणसं. आठ-आठ बैठका घेणारा समुपदेशक आणायचा कुठून? म्हणून म्हणतो, हातात आहे ते औषध नीट चालवा.

सायकॉलॉजी एमए: पाच मिनिटांत बैठक होत नाही, पण कागद वाचून होतो. दोन आठवडे रोज लिहा: कधी आडवा झाला, कधी उठला, दुपारी किती झोपला, घोरणं, चहा, तंबाखू. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

मंगळवारपेठी: लिहा. पण दोन रात्री न झोपता माणूस ताजातवाना, बडबड वाढलेली दिसली, तर वही मिटा आणि डॉक्टर गाठा. बाकी तुमचं मला अजून पटलेलं नाही.

इचलकरंजीचा माग: आणि या आठवड्यात रात्रपाळी, पुढच्यात दिवसपाळी, त्यानं वहीत उठायची वेळ कुठली लिहायची?