सेट-टॉप बॉक्स १०८०आयवर ठेवू की १०८०पीवर? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. घरी नवा ४३ इंची फोर-के टीव्ही आणलाय, म्हणजे ३८४० × २१६० पिक्सेल. डीटीएचचा एचडी बॉक्स मात्र जुनाच. त्याच्या सेटिंगमध्ये ५७६पी, ७२०पी, १०८०आय आणि १०८०पी असे पर्याय दिसतात (आकडा म्हणजे चित्रातल्या आडव्या ओळी; 'पी' म्हणजे सगळ्या ओळी एकदम, 'आय' म्हणजे अर्ध्या-अर्ध्या आलटून पालटून). बसवायला आलेला मुलगा "सगळ्यात मोठा आकडा ठेवा" म्हणून निघून गेला.

माझ्या समजुतीप्रमाणे आपल्याकडचे एचडी चॅनल १०८०आय, ५० हर्ट्झवर येतात. म्हणजे १९२० × १०८० चं चित्र, पण एका वेळी अर्ध्याच ओळी, आधी विषम मग सम, सेकंदाला ५० वेळा. या ओळी जोडून पूर्ण चित्र करायचं काम कोणीतरी करायलाच हवं. १०८०पी ठेवलं तर ते बॉक्स करतो, १०८०आय ठेवलं तर टीव्ही. बरोबर ना?

अडचण क्रिकेटची. १०८०पीवर चेंडू सीमारेषेकडे पळाला की त्याच्या कडांना कंगव्यासारखे दाते दिसतात. बातम्यांत काहीच जाणवत नाही. बाबा म्हणतात, जुनाच टीव्ही बरा होता! (तो आता आतल्या खोलीत आहे, ३२ इंची एचडी रेडी, १३६६ × ७६८.)

तर विचारायचं असं, की १०८०आय ठेवून टीव्हीवरच सोपवावं का? दाते जाण्यासाठी टीव्हीत आणखी काही बदलावं लागतं का? आणि त्या ३२ इंचीला ७२०पी बरं की १०८०आय? ७६८ ओळींत दोन्ही नीट बसत नाहीत, म्हणून गोंधळ. कोणी दोन्ही लावून पाहिलंय का?