मदत हवी आहे: डॉक्टर ठाण्यात, पेशंट नेपाळात. प्रिस्क्रिप्शन चालतं का?

घंटाळीकर

नमस्कार मंडळी,

मावशीसाठी विचारतोय. तिचा वर्तकनगरला दवाखाना आहे. एमबीबीएस, एकतीस वर्षांची जनरल प्रॅक्टिस. मी ना डॉक्टर ना वकील, पण तिचा कॉम्प्युटर, यूपीआय आणि व्हॉट्सॲप मी सांभाळतो, त्यामुळे हेही माझ्याच गळ्यात आलंय.

आमच्याकडच्या सोसायट्यांचे बरेच वॉचमन नेपाळच्या सुदूर पश्चिमेचे आहेत. अछाम, डोटी, बझांग. त्यातले एक काका मावशीचे चौदा वर्षांचे पेशंट. बीपी आणि थायरॉइड. गेल्या दसऱ्याला गावी गेले आणि गुडघ्यांनी दगा दिला म्हणून तिकडेच राहिले, धनगढीला मुलाकडे. महिन्यातून एकदा बीपीच्या मशीनचा फोटो येतो. फोटोत मशीनशेजारी चहाचा ग्लास आणि कोपऱ्यात अंगठा हे ठरलेलं. मावशी आकडा बघते आणि व्हॉइस मेसेज टाकते, "ठीक है दाजू, वही गोली चालू रखो." फी वगैरे काही नाही.

मागच्या महिन्यात आकडा १६८/१०० आला. तिने व्हिडिओ कॉल केला, नीट विचारपूस केली, गोळीचा डोस वाढवला आणि लेटरहेडवर लिहून दिलं. मी फोटो काढून पाठवला. तिकडच्या मेडिकलवाल्याने मोबाइलवर कागद मोठा करून बघितला, रजिस्ट्रेशन नंबरवर बोट ठेवलं आणि म्हणाला, हा महाराष्ट्राचा नंबर आहे, इथल्या डॉक्टरची चिठ्ठी आणा.

पहिल्या दिवशी मावशीला राग आला. दुसऱ्या दिवशी ती घाबरली. "म्हणजे मी इतके महिने काय करत होते रे?"

त्याच आठवड्यात महापेहून एका टेलिमेडिसिन ॲपवाल्यांचा माणूस आला. नेपाळ, बांगलादेश आणि श्रीलंकेतले पेशंट व्हिडिओवर बघायचे, कॉलमागे तीनशे रुपये. करारात बारीक अक्षरात एक वाक्य आहे: 'पेशंट ज्या देशात असेल तिथल्या सर्व कायद्यांचं पालन करण्याची जबाबदारी डॉक्टरची राहील.' मावशी म्हणते, तीन देशांचे कायदे मी कुठे वाचत बसू?

तर प्रश्न असा की आपला कायदा काय म्हणतो, या शेजाऱ्यांचे काय म्हणतात, आणि सही करावी का? काकांचं काय करायचं हाही आहेच. खरं तर तोच मुख्य आहे.

कोपरखैरणे_एमडी

मावशींना सांगा, घाबरू नका, पण करारावर सही तूर्त नको.

आपल्याकडे टेलिमेडिसिनचे नियम २५ मार्च २०२० ला आले, लॉकडाउन लागला त्याच दिवशी. तोपर्यंत सगळं अधांतरी होतं. त्याआधी २०१८ मध्ये रत्नागिरीच्या एका प्रकरणात फोनवरून औषध सांगण्यावरून मुंबई हायकोर्टाने इतकं कडक लिहिलं होतं की आमच्या ग्रुपवर लोकांनी पेशंटचे फोन घेणंच थांबवलं होतं. २०२० च्या नियमांनी ती भीती घालवली. व्हिडिओ, फोन, मेसेज, तिन्ही चालतं. औषधांच्या याद्या आहेत. साधी औषधं कशावरूनही द्या. काही औषधांना पहिला सल्ला व्हिडिओवरच हवा. काही फक्त जुन्या पेशंटला, चालू उपचारात भर म्हणून. शेड्यूल एक्स (सर्वात कडक नियंत्रणाची यादी) आणि एनडीपीएस कायद्यातली (नशेची) औषधं अजिबात नाहीत. चिठ्ठीवर रजिस्ट्रेशन नंबर हवाच. पेशंटने स्वतःहून फोन केला तर संमती धरली जाते. भारतातला डॉक्टर भारतातल्या कुठल्याही राज्यातला पेशंट बघू शकतो.

पण त्याच नियमांत सुरुवातीलाच लिहिलंय की भारताच्या हद्दीबाहेरचा सल्ला यात धरलेला नाही. लोक इथे दोन चुका करतात. काही म्हणतात, मनाई तर केलेली नाही ना, मग चालतं. काही म्हणतात, गुन्हा आहे. दोन्ही चूक. ती छत्री आहे, आणि सरहद्दीपलीकडे ती तुमच्या डोक्यावर नाही, एवढाच त्याचा अर्थ. काही बिनसलं तर 'मी नियम पाळले' हे म्हणायला तिथे जागाच उरत नाही.

(२०२३ च्या ऑगस्टमध्ये नवे नियम आले होते, त्यातही टेलिमेडिसिनचा भाग होता. तीन आठवड्यांत स्थगित झाले. त्यामुळे जुनेच धरा.)

उपवनचा_बगळा

नेपाळ काय परदेश आहे का? १९५० चा करार आहे. ना पासपोर्ट ना व्हिसा. तिकडचा माणूस इथे येऊन नोकरी करतो, मग इथल्या डॉक्टरने तिकडे गोळी सांगितली तर बिघडलं कुठे?

नियमावली

बगळेसाहेब, १९५० च्या करारात राहणं, मालमत्ता, व्यापार, ये-जा यात एकमेकांच्या नागरिकांना सवलत आहे. डॉक्टरकीचं लायसन त्यात येत नाही. वॉचमनला रजिस्ट्रेशन लागत नाही, डॉक्टरला लागतं.

धागाकर्ते, मी औषध कंपनीत रेग्युलेटरीला (सरकारी परवानग्यांच्या विभागात) होतो, नेपाळ आणि बांगलादेशची कामं बघितली आहेत. जेवढं पक्कं माहीत आहे तेवढंच लिहितो.

आधी एक गंमत. नेपाळचा कायदा शोधायला गेलात की 'नेपाल मेडिकल काउन्सिल ऐन (म्हणजे कायदा), २०२०' असं सापडेल. वाटेल की कोविडमध्ये केलाय. ते विक्रम संवत आहे! आपल्या हिशेबाने १९६४. तसंच '२०७५' दिसलं की २०१८ समजा, त्यांचा वैयक्तिक गोपनीयतेचा कायदा त्या सालचा आहे. माझ्या एका सहकाऱ्याने बॉसला पाठवलेल्या तक्त्यात हा घोळ केला होता, म्हणून आधी सांगून ठेवतो.

नेपाळात औषधांचे तीन वर्ग आहेत: क, ख आणि ग. क म्हणजे नशेची आणि विषारी, ख म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीवरच मिळणारी, ग म्हणजे चिठ्ठीशिवाय. बीपीची गोळी चिठ्ठीवालीच. आणि चिठ्ठी म्हणजे त्यांच्या काउन्सिलकडे नोंदलेल्या डॉक्टरची. बाहेरच्या डॉक्टरला तिथे काम करायचं तर तात्पुरती नोंदणी घ्यावी लागते. म्हणजे धनगढीचा तो मेडिकलवाला अगदी नियमाने वागला. सरहद्दीवरचे बरेच जण इतकं बघत नाहीत, पण याने बघितलं म्हणून त्याच्यावर रागावता येणार नाही.

बांगलादेशात सूत्र हेच, फक्त भाषा जास्त कडक. त्यांचा मेडिकल आणि डेंटल काउन्सिलचा कायदा २०१० चा. नोंदणीशिवाय प्रॅक्टिस तर नाहीच, नावामागे 'डॉक्टर' कोणी लावायचं हेही कायद्यात आहे: एमबीबीएस किंवा बीडीएस. टेलिमेडिसिनवरची त्यांच्या काउन्सिलची तत्त्वं २०२० मध्ये आली, आपल्या पाठोपाठ, आणि तीही त्यांच्याकडे नोंदलेल्या डॉक्टरांसाठी. सरकारी फोनसेवा मात्र त्यांची जुनी आहे, १६२६३ वर, तिथे त्यांचे स्वतःचे डॉक्टर बसतात.

श्रीलंका अजून इंग्रजांच्या अमदानीतल्या १९२७ च्या मेडिकल ऑर्डिनन्सवर चालते. नोंदणी त्यांच्या काउन्सिलची. त्याशिवाय २०२२ मध्ये त्यांनी वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला, तो टप्प्याटप्प्याने लागू करायचं ठरलं. ॲपवाल्यांना विचारा, कोलंबोच्या पेशंटचे रिपोर्ट महापेच्या सर्व्हरवर ठेवायला परवानगी कोण घेणार? बारीक अक्षरातलं वाक्य वाचून उत्तर कळतंच: मावशी.

सगळ्यांचं थोडक्यात असं की डॉक्टर कुठे बसलाय हे कोणी विचारत नाही. पेशंट कुठे आहे ते विचारतात.

पामबीच_परतीचा

युरोपात उलटं आहे ना? माझी बहीण जर्मनीत असते, तिथे असं काहीतरी ऐकल्यासारखं वाटतं.

नियमावली

बरोबर ऐकलंय. युरोपियन युनियनचा २०११ चा सीमापार आरोग्यसेवेचा निर्देश आहे. त्यात टेलिमेडिसिनची सेवा डॉक्टर जिथला आहे त्या देशात दिली गेली असं धरतात. सदस्य देशांपुरतं अर्थात. त्यांनी एकमेकांच्या पदव्या आधी मान्य केल्या, म्हणून ते जमलं. आपल्याकडे तो पायाच नाही.

दुसरं टोक मलेशिया. १९९७ मध्येच टेलिमेडिसिनचा वेगळा कायदा केला. बाहेरच्या डॉक्टरने प्रमाणपत्राशिवाय सल्ला दिला तर पाच लाख रिंगिटपर्यंत दंड किंवा पाच वर्षं कैद. आणि तो कायदा कधी लागूच केला नाही! शेजारी देशांची तुलना करताना म्हणून मी नुसती कायद्यांची नावं बघत नाही. लागू आहे का आणि नंबर तपासतं कोण, हे आधी बघतो. नेपाळात काउंटरवरचा मेडिकलवाला तपासतो हे तुम्हाला कळलंच.

उपवनचा_बगळा

म्हणजे काकांनी धनगढीहून रिक्षा करून गौरीफंट्याला यायचं, आपल्या हद्दीत उभं राहून मावशीला व्हिडिओ कॉल करायचा, चिठ्ठी घ्यायची, इकडच्या मेडिकलमधून गोळ्या घ्यायच्या आणि परत जायचं. हे कायदेशीर?

कोपरखैरणे_एमडी

हसू येतंय, पण हो. पेशंट भारतात असेल तर आपले नियम लागू, डॉक्टर ठाण्यात असो की देशात आणखी कुठे. तो माणूस ट्रेनने ठाण्याला आला तरी कायदेशीर. फक्त आवाज पलीकडे गेला की प्रश्न.

गुडघे दुखणाऱ्या माणसाला हा उपाय सांगू नका मात्र.

आता कामाचं सांगतो. मोठी हॉस्पिटलं शेजारी देशांत व्हिडिओवरून काम करतात ती अशी नाही करत. तिकडच्या एखाद्या रुग्णालयाशी जोडून घेतात. पेशंट तिकडच्या डॉक्टरसमोर बसतो, इकडचा तज्ज्ञ त्या डॉक्टरला मत देतो आणि चिठ्ठी तिकडचा डॉक्टर लिहितो. सार्कच्या टेलिमेडिसिन नेटवर्कमध्ये थिंफूचं रुग्णालय लखनऊ आणि चंदीगडच्या पीजीआय या मोठ्या सरकारी रुग्णालयांना जोडलं होतं, तेही असंच डॉक्टर-डॉक्टर. आपल्या २०२० च्या नियमांतही डॉक्टरने डॉक्टरला विचारायची वेगळी सोय आहे आणि उपचाराची जबाबदारी विचारणाऱ्याकडेच राहते. ते नियम देशापुरते असले तरी रीत तीच उचलायची. मावशींनी काकांना चिठ्ठी देऊ नये, काकांच्या तिकडच्या डॉक्टरला पत्र द्यावं.

आणि एक. मावशींची इन्डेम्निटी पॉलिसी (पेशंटने दावा केला तर डॉक्टरचं संरक्षण करणारा विमा) काढा. 'टेरिटरी' (कुठे केलेलं काम) आणि 'ज्युरिस्डिक्शन' (कुठल्या कोर्टातला दावा) अशा दोन ओळी असतात. त्यात काय लिहिलंय ते वाचा आणि मग ॲपवाल्याला फोन करा.

घोडबंदरची_सखू

विषय सोडून, पण वॉचमनना 'बहादूर' न म्हणता काका म्हणणारी माणसं बघून बरं वाटलं. पत्रात ब्रँडची नावं नको, औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम लिहायला सांगा. आमच्या बाबांची गोळी दुबईत ब्रँडच्या नावावर शोधताना दोन दिवस गेले होते.

घंटाळीकर

सगळ्यांचे आभार. दोन आठवड्यांनी लिहितोय, उशीर झाला.

पॉलिसी कपाटात एलआयसीच्या फायलीखाली सापडली. दोन्ही ओळींसमोर एकच शब्द: भारत. मावशीने चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. मग ॲपवाल्याला फोन केला आणि विचारलं की ते वाक्य काढाल का, आणि त्या देशांतली नोंदणी तुम्ही करून द्याल का. तो म्हणाला, मॅडम, बाकीचे डॉक्टर तर सही करतायत. मावशी म्हणाली, मग त्यांच्याकडे जा. तीनशे रुपयांचा विषय तिथे संपला.

काकांसाठी तिने एका पानाचं पत्र लिहिलं. चौदा वर्षांचा आजार एका पानात बसवायला तिला दोन संध्याकाळी लागल्या, जुनी केसपेपरं जमिनीवर पसरून. कधी सुरू झालं, कुठल्या गोळीने पाय सुजले होते, टीएसएच (थायरॉइडची तपासणी) किती होता. सखूताई, सगळी मूळ नावं लिहिली. वर 'प्रिय डॉक्टर', खाली आपली सही, आणि 'आपल्या तपासणीनंतर योग्य वाटेल तसं करावं' अशी ओळ. काका मुलाबरोबर तिथल्या सरकारी रुग्णालयात गेले. तिथल्या डॉक्टरने पत्र वाचलं, बीपी स्वतः बघितलं, डोस मावशीने सांगितला होता तितकाच वाढवला आणि स्वतःच्या चिठ्ठीवर लिहून दिलं. तोच मेडिकलवाला, त्याने काही न बोलता गोळ्या दिल्या.

आता इथे अडलोय. काल रात्री काकांचा फोटो आला. तळहातावर दोन गोळ्या, एक पांढरी, एक गुलाबी. खाली लिहिलंय, "मॅडम, पहले सफेद था, अब गुलाबी दिया है. वही है ना?"

मावशीने फोटो मोठा करून पाकिटावरचं नाव वाचलं. औषध तेच, कंपनी वेगळी. तिने व्हॉइस मेसेजचं बटण दाबलं, मग सोडून दिलं आणि माझ्याकडे बघितलं. "हे सांगितलं तर चालतं का रे?"

कोपरखैरणे_एमडी

सांगू देत. नवीन औषध नाही, डोस बदललेला नाही, चिठ्ठी तिथल्याच डॉक्टरची आहे. फक्त म्हणावं, एकदा त्या मेडिकलवाल्यालाही पाकीट दाखवा. तो नंबर वाचतो, म्हणजे नावही नीट वाचेल.