मदत हवी आहे: कानाचं मशीन लावलं की भांड्यांचा आवाज सहन होत नाही

सुरंगी:
आज अकरावा दिवस. दोन्ही कानांना मशीन घेतलंय, चिपळूणहून. माणसांचं बोलणं कळतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण वाटीवर वाटी आपटली की कानात सुरी गेल्यासारखं होतं, डोळ्यांत पाणी येतं. गुहागरला आमची खानावळ आहे, दिवसाला साठ-सत्तर ताटं. पडवीवर पत्रा आणि वर हा पाऊस. काल पंगत अर्ध्यावर असताना मशीन काढून पदराच्या गाठीत बांधलं. गणपतीला घर भरेल, भजनी मंडळ येईल. तोवर सवय होते का? किती दिवसांत, एवढंच सांगा. "हळूहळू होईल" हे दुकानात ऐकून झालंय.

हापूस६५:
होते. मला दीड महिना लागला. सकाळी तोंड धुतलं की लावायचं, रात्री झोपताना काढायचं. मधे काढलंत की पुन्हा पहिला दिवस. इतकी वर्षं पंख्याची घरघर, नळाचं पाणी, फरशीवरच्या चपला काहीच कानावर आलं नाही, आता सगळं एकदम येतंय. मेंदूला त्यातलं बिनकामाचं बाजूला सारायला वेळ लागतो. काढू नका.

तिठा:
असं सरसकट सांगू नका हो. माझ्या आईला असंच दिवसभर लावायला लावलं. चौथ्या दिवशी मशीन डब्यात गेलं ते दोन वर्षं तिथेच. दुसऱ्यांदा आम्ही रोज एक तास, तोही देवघरात पूजा करताना, असं सुरू केलं. मग ओटीवर, मग शेजारी, बाजार सगळ्यात शेवटी. आता स्वतःहून लावते. ताई, तुमचं वय किती? रिपोर्टात आकडे काय? मशीन कानामागचं की कानातलं?

सुरंगी:
वय ५८. मशीन कानामागे बसतं, बारीक तार आत जाते, टोकाला रबराची टोपी. रिपोर्टवर उजवा ५२, डावा ५५ डेसिबल. पण याचा नि भांड्यांचा काय संबंध? कमी ऐकू येत होतं म्हणून मशीन घेतलं. आता जास्त येतंय, हा प्रश्न आहे.

चाकरमानी:
एवढे पैसे घालायची गरजच नव्हती. मी वडिलांना ऑनलाइन तीन हजारांचं मागवलं. बाजूला चक्री आहे, आवाज वाढला की फिरवायची. काम झालं.

केवडा:
चाकरमानी, त्या यंत्रात कुजबुज आणि कुकरची शिट्टी दोन्ही सारखीच वाढतात. ताईंच्या कानाला नेमकं तेच नको आहे.

ताई, संबंध आहे. मी ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे ऐकू किती येतं ते तपासून मशीन बसवून देणारी, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आतल्या कानातल्या बारीक केसपेशी मेल्या की हळू आवाज पोचत नाहीत, पण मोठा आवाज मात्र पूर्वीइतकाच मोठा लागतो. म्हणजे खालची पायरी वर सरकली, छत होतं तिथेच राहिलं. कुणाकुणाचं तर छतही खाली आलेलं असतं. ऐकू येणं आणि असह्य होणं यांत जागाच थोडी उरते. मशीनने हळू आवाज भरपूर वाढवायचे, मोठे जवळजवळ वाढवायचेच नाहीत, आणि तुमच्या छताच्या वर काही जाऊच द्यायचं नाही. पण ते छत मोजावं लागतं. आवाज वाढवत नेऊन "आता सहन होत नाही" तिथे हात वर करा, अशी तपासणी झाली होती का? मशीन घेण्याआधीही मोठे आवाज टोचायचे का? आणि मशीन काढल्यावर काय करता?

भाट्ये_किनारा:
कर्णपूरण करून बघा. कोमट तिळाचं तेल, रोज रात्री. वात शमला की आवाज टोचत नाही. आमच्या घरात तीन पिढ्या करतात.

तिठा:
कृपा करून मशीनवाल्या कानात तेल नको! आईच्या मशीनच्या टोकाची जाळी तेल-मळाने बुजली, आवाज बंद, चिपळूणची खेप वाढली. पडद्याला भोक असलं तर आणखीच वाईट.

भाट्ये_किनारा:
तेल घातल्यावर कान पुसायचा असतो. न करणाऱ्यांनी शास्त्राला नावं ठेवू नयेत.

दर्याकाठ:
गे बाय, माझ्या घोवाचा मशीन दोन पावसाळ्यांत गेला. खारी हवा लय वाईट. रात्री सिलिका जेलच्या डब्यात ठेव. नि सेलचो चॉकलेटी स्टिकर काढल्यार लगेच बसवू नको, दोन मिनिटां हवा लागांदे.

सुरंगी:
माझं चार्जिंगचं आहे, सेल नाहीत. मी दमट हवेचं विचारलंच नाहीये.

केवडा, तशी तपासणी झाली नाही. बीप ऐकू आली की बटण दाबायचं, एवढंच. मोठे आवाज आधीपासून नकोच. शिमग्यात पालखी दारात आली की मी ढोलांपासून लांब, मागच्या खोलीत. आणि मशीन काढलं की कापूस घालते. तो गेली चार वर्षं घालतेच, आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे.

केवडा:
खरं उत्तर या कापसात आहे. अचानक फटाका, ग्राइंडर अशा वेळी कान झाकणं योग्यच. पण दिवसभर कापूस घातला की मेंदू आतला आवाज आणखी वाढवून घेतो, आणि कापूस काढला की साधी वाटीसुद्धा तोफ वाटते. चार वर्षांची ही सवय एका दिवसात तोडू नका. आधी रात्री आणि दुपारी घरात शांत असताना कापूस बंद. पूर्ण शांततेतही बसू नका, मंद पंखा किंवा समुद्राची गाज कानावर असू द्या.

चिपळूणला जाऊन "आवाज कमी करा" म्हणू नका. मग ते सगळंच कमी करतील, आणि स, श, ट ही अक्षरं पुन्हा जातील. म्हणा, असह्य पातळी मोजा आणि मशीनचा कमाल आवाज तिच्या खाली आणा. भांड्यांसारखे अचानक आवाज दाबायची वेगळी सोय तुमच्या मशीनमध्ये असेल तर ती चालू करून घ्या. गणपतीपर्यंत पूर्ण सवय होईल असं मी सांगणार नाही.

हापूस६५:
तरी मी म्हणतो, मशीन काढायचं नाही.

केवडा:
तुमची छताची अडचण नव्हती काका. ताईंची आहे. सेटिंग चुकलेलं असताना दिवसभर लावून घेतलं तर त्यांच्या मनात मशीनची भीतीच बसेल.

आगबोट:
मशीनला सरकारी मदत मिळते का? सासऱ्यांसाठी हवंय.

तिठा:
दिव्यांगांना साधनं देणारी केंद्र सरकारची एडिप योजना आहे, ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं, उत्पन्नाची अटही आहे. मुंबईला जाणं जमत असेल तर वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत चौकशी करा. वेगळा धागा काढा ना.

ओली_वाळू:
सुरंगीताई, माझी मालवणला खानावळ आहे, कान धडधाकट आहेत, तरी सांगते. भांडी घासायच्या टबात तळाला गोणपाट घाला. वाट्या उपड्या रचू नका, परातीत जुना पंचा अंथरून एकेक ठेवा. दोन दिवस मुली कुरकुरतात, मग हाताला वळण पडतं. भजनाला टाळवाल्यांच्या समोर बसू नका, पखवाजाच्या बाजूला बसा.

सुरंगी:
सोळा दिवसांनी लिहितेय. चिपळूणला पुन्हा गेले. तिथल्या मुलीने आधी आवाजच कमी करून दिला. मी नको म्हटलं, केवडांचं लिहिणं मोबाइलवर दाखवलं. मग हात वर करायची तपासणी केली. उजव्या कानाला ८२ डेसिबलला असह्य झालं, डाव्याला ७८ला. मशीनचा कमाल आवाज त्याच्या वर लावलेला होता. तो खाली आणला, रबराची टोपीही भोकांची दिली, त्यामुळे स्वतःचा आवाज माठात बोलल्यासारखा येत होता तो थांबला.

गोणपाट घातलंय. वाटी आपटली की अजून दचकते, पण ते कळ येणं नाही. पत्र्यावरचा पाऊस अजून सहन होत नाही, तेव्हा काढते, कापूस मात्र घालत नाही. संध्याकाळी सुरूच्या बनात वाऱ्याकडे पाठ करून अर्धा तास बसते. आरतीला झांजा असतात, त्यांचं काय करायचं?

केवडा:
आरतीपुरतं मशीन काढा, त्यात काही बिघडत नाही. आरती संपली की लगेच लावा, प्रसाद वाटताना माणसं बोलतात तेव्हा ते कानात हवं. आणि तीन आठवड्यांनी ७८चे किती झाले ते पुन्हा मोजून घ्या, आकडा इथे टाका.

दर्याकाठ:
सिलिका जेलचो डबो घेतलंस काय?