लडाख-स्पिती: फोटोत न आलेलं लिहा

टीपकागद
परवा धाकट्याने जर्दाळूची बी वरवंट्याने फोडली आणि आतला गर माझ्या तोंडात टाकला. मी थेट स्क्यूला. मारखा व्हॅलीच्या ट्रेकमध्ये चिलिंगहून चालायला लागलं की आमचा पहिला मुक्काम तिथे होता. घरातल्या आमा-ले, म्हणजे आई, उंबऱ्याशी बसून दगडावर बिया फोडत होत्या. गर परातीत, टरफलं चुलीला. गोड बियांचा गर खायचा, कडूचं तेल काढायचं. मूठभर माझ्या ओंजळीत टाकला आणि परत ठकठक सुरू. आत भिंतभर फळ्यांवर तांब्यापितळेची भांडी अशी घासून मांडलेली की आमच्या सासूबाई असत्या तर तिथेच हात जोडले असते.

गाईड झंस्करचा पोरगा. हिवाळ्यात जम्मूला कॉलेज, उन्हाळ्यात हे काम. रोज सकाळी प्रत्येकाला दोनच प्रश्न. "रात का खाना पूरा खाया? सुसू कितनी बार?" सुरुवातीला बायका लाजल्या, निमालिंगच्या मुक्कामाला पोचेपर्यंत न विचारता मोठ्याने आकडे सांगत होत्या :) ऑक्सिमीटर त्याच्याकडे होता, पण त्याचा जास्त भरवसा ताटावर. ज्याचं जेवण अर्धं राहिलं त्याच्या मागे तो दुसऱ्या दिवशी चालणार, हे ठरलेलं. विरळ हवा लागली की डोक्याबरोबर भूक जाते, आणि डोकं दुखतंय हे लोक लपवतात, ताट लपवता येत नाही.

कोंगमारू ला (ला म्हणजे खिंड) ५,२०० मीटरच्या वर आहे. तिथे कुणी पुढे घुसलं की म्हणायचा, "फास्ट जाओगे तो हेलिकॉप्टर में आओगे."

पँगाँगचे फोटो सगळ्यांकडे आहेत, ते नकोत. गाईड, ड्रायव्हर, घोडेवाले, पोटं, डोकी, संडास यांचं लिहा.

सह्यभटक्या
आमच्या ग्रुपमधला एक जण नळीच्या अवघड वाटेने हरिश्चंद्रगड करणारा. पहाटे मुंबईहून विमान, नाश्त्याला लेह. गाईडने सांगितलं होतं आज फक्त झोपा. हा दुपारी शांती स्तूपाच्या पायऱ्या चढून आला, वर येऊन आम्हालाच म्हणाला, "काय म्हाताऱ्यांसारखे पडलात." रात्री उलट्या. सरकारी हॉस्पिटलात ऑक्सिजन लावला. शेजारच्या खाटेवर दिल्लीचा बॉडीबिल्डर, त्याच्या पलीकडे गुजरातचं नवं जोडपं. डॉक्टरांना काही नवल नव्हतं.

लेह ३,५०० मीटर, आपलं कळसूबाई १,६४६. फिटनेसचा आणि हवा सोसण्याचा फारसा संबंध नाही, हे ऐकलेलं सगळ्यांनी असतं. उलट फिट माणूस दामटून पुढे जातो आणि तोच आधी आडवा होतो.

चकलीचं_भाजाणं
सुसू कितनी बार 😂😂 आमच्याकडे नवऱ्याला हल्ली रोज हेच विचारते, उन्हाळा आहे म्हणून.

निवांत_नाशिककर
संडास म्हणालात म्हणून.

लडाखी घरात तो माडीवर असतो. मातीची खोली, जमिनीला भोक, कोपऱ्यात मातीचा ढीग आणि फावडं. काम झालं की दोन फावडी माती टाकायची, पाणी अजिबात नाही. खाली साठलेलं पुढे शेतात खत म्हणून जातं. पहिल्यांदा वाकून खाली बघू नका एवढाच सल्ला. पण वास नाही हो! आमच्या बरोबरच्या एका काकांनी हट्टाने बादलीभर पाणी आत नेलं. घरमालकीण बाहेरून जे काही बोलली ते गाईडने भाषांतर करून सांगायचं नाकारलं.

आणि लेहमधली हॉटेलं आता फ्लश लावून बसलीत. पाणी बोअरचं आणि टँकरचं. वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडतो तिथे. आपण दिवसातून दोनदा अंघोळी करून येतो आणि वर रिव्ह्यूत लिहितो, गरम पाणी वेळेवर नव्हतं.

टीपकागद
निवांत, त्या काकांना आम्हीही ओळखत असू असं वाटतंय. प्रत्येक ग्रुपला एक मिळतात.

रानवारा
मनाली-लेह रस्त्याने गेलो, जीपने. ड्रायव्हर लाहौलचा. त्याच्याशी पहिलं भांडण जिस्पाला. आमचं म्हणणं, दुपार तर आहे, सारचूपर्यंत जाऊ. तो म्हणाला सारचूला रात्र काढायची तर दुसरा ड्रायव्हर बघा. सारचू ४,३०० मीटरच्या जवळ आणि आम्ही सकाळी २,००० वरून निघालेलो. अटल बोगदा २०२० मध्ये सुरू झाल्यापासून रोहतांग चढावा लागत नाही. ९ किलोमीटर बोगद्यातून पलीकडे. वेळ वाचतो तो लोक त्याच दिवशी आणखी वर जाण्यात घालवतात, हे त्याचं म्हणणं. झोपायची उंची महत्त्वाची, दिवसा कुठून जाता ते नंतर.

पुढे गाटा लूप्स, २१ वळणं. मधे एका ठिकाणी पाण्याच्या बाटल्यांचा ढीग. ट्रक बिघडून तिथे अडकलेला क्लीनर तहानेने मेला, म्हणून लोक पाणी ठेवतात अशी कथा. आमच्या पठ्ठ्याने न बोलता गाडी थांबवली, बाटली ठेवली, निघाला. नंतर अर्धा तास गाडीत कुणी गाणी लावली नाहीत. मग मोरे प्लेन्स लागलं. ४,७०० मीटरवर सरळसोट रस्ता, दोन्हीकडे धूळ, आणि किआंग म्हणजे तिथली रानगाढवं गाडीशी शर्यत लावतात. तेवढ्यात पुण्याचा आमचा मित्र म्हणाला, "इथे प्लॉटिंग मस्त होईल."

चकलीचं_भाजाणं
प्लॉटिंग 😭 कितीही उंचीवर न्या.

आजीबाईंचा_बटवा
आम्ही ज्येष्ठ नागरिकांच्या सहलीने गेलो. सोबत स्वयंपाकी, पोळी-भाजी-वरण सगळं. लोक हसतात त्याला, पण थुक्पा, म्हणजे तिथलं नूडल्सचं सूप, रोज खाऊन बघा. (मला आवडला. ह्यांना नाही.) लेहला पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणून डाळ उघड्या भांड्यात शिजतच नाही. आचारी सोलापूरचे. पहिल्या दिवशी कुकरच्या नेहमीच्या शिट्ट्या मोजल्या तर तूरडाळ टणक. मग दुप्पट वेळ आणि आदल्या रात्री भिजवणं. त्सो मोरीरी तलावाशी आणखी वर, तिथे तर भातसुद्धा कुकरशिवाय नाही. आचारी रात्री स्लीपिंग बॅगमध्ये गॅसचं छोटं सिलेंडर घेऊन झोपायचे, सकाळी थंडीने पेटत नाही म्हणून.

मी मेतकूट नेलं होतं. तिथल्या गाईडला मेतकूट-भात-तूप दिला, तो म्हणाला त्सांपासारखं आहे. भाजलेल्या जवाचं पीठ त्यांचं, लोणी-मिठाच्या चहात कालवून खातात. मग रोज दोन चमचे मागायचा.

कोकणकडा_७
आजी मेतकूट घरचं का? प्रमाण द्या ना.

आजीबाईंचा_बटवा
देते संध्याकाळी. नातवाचा क्लास आहे.

शिवारातली_वाट
थोडं वेगळं लिहिते, चालेल ना.

ऑगस्ट २०१०. आम्ही लेहमधल्या चांगस्पा भागात राहिलो होतो, दोन दिवसांनी ट्रेक सुरू होणार होता. ५ तारखेच्या रात्री विजा आणि पाऊस. आपण कोकणातले, पाऊस तो काय! झोपून राहिलो. छप्पर मातीचं, सपाट, ते गळायला लागलं. घरमालक टॉर्च घेऊन आले, सगळ्यांना बाहेरच्या पक्क्या खोलीत नेलं. त्यांचा चेहरा बघून कळलं की हा त्यांच्या हिशेबातला पाऊस नाही. उतारांवर झाड नाही, गवत नाही, सगळा डोंगर चिखल होऊन खाली येतो.

सकाळी बसस्टँड नव्हताच. चिखल, त्यात बसेस कलंडलेल्या. फोन बंद. हॉस्पिटलमध्ये चिखल शिरलेला आणि जखमी येतच होते. लेहजवळच्या चोगलमसरला सगळ्यात वाईट. दोनशेहून जास्त माणसं गेली त्या रात्रीत.

आमचा गाईड चोगलमसरचा होता. त्याचा पत्ता नाही. आम्ही हॉस्पिटलच्या आवारात फावडी घेऊन चिखल काढायला गेलो, तिथे सगळेच होते, लामा, जवान, परदेशी पोरं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाईड आला. कमरेपर्यंत वाळलेला चिखल. पहिला प्रश्न, तुमचं जेवण झालं का, आणि दुसरा, ट्रेकचे पैसे परत कुठल्या खात्यात पाठवू. त्याची बहीण सापडली नव्हती. ते त्याने सांगितलं नाही, घरमालकांनी सांगितलं.

पैसे अर्थातच घेतले नाहीत. दर लोसारला, म्हणजे त्यांच्या नववर्षाला, फोन होतो. आता त्याचा मुलगा गाईड आहे.

टीपकागद
शिवार... काय लिहू. वाचून थांबले होते.

सह्यभटक्या
🙏

रानवारा
🙏 आमचा ड्रायव्हर त्या वर्षाबद्दल बोलायचा नाही. पागल नाला लागला की फक्त गाडी हळू करायचा.

दुर्बीणवाला
लडाखमधलं हानले गाव. भारतीय खगोल वेधशाळा ४,५०० मीटरवर. तिथली दोन मीटरची हिमालयन चंद्र दुर्बीण बंगळुरूजवळच्या होसकोटेहून चालवतात, उपग्रहामार्फत. त्यामुळे वर माणसं थोडी आणि अंधार भरपूर. २०२२ मध्ये आजूबाजूचा भाग डार्क स्काय रिझर्व्ह झाला, म्हणजे रात्रीचा अंधार राखायचा भाग. गावातल्या खिडक्यांना जाड पडदे, गाड्यांचे दिवे मंद. गावकऱ्यांना दुर्बिणी देऊन शिकवलंय. आम्हाला आकाश दाखवणाऱ्या ताई दिवसा शेळ्या सांभाळतात. म्हणाल्या, थांबा, आधी वीस मिनिटं मोबाईल बंद, मग बोलू. ग्रुपमधल्या एकाने फ्लॅश मारला तर त्याला घरात पाठवलं, सरळ!

थंडी इतकी की दुर्बिणीला डोळा लावताना पापणी चिकटेल असं वाटायचं. शनीची कडी दाखवली आणि मग स्वतःच बराच वेळ बघत बसल्या, आम्ही रांगेत.

कोकणकडा_७
स्पितीचं कुणी लिहीत नाही, मीच लिहितो. लांग्झाला पोरं अमोनाइट विकायला येतात. समुद्रातल्या प्राण्यांची जीवाश्मं, ४,४०० मीटरवर. आमच्या गाईडने आधीच दम दिला होता, कुणी घेतलं तर गाडीत घेणार नाही. तरी एका बाईंनी पर्समध्ये टाकलं. काझाला गाईडने गाडी उलटी फिरवली, तासभर परत, ठेवून या म्हणाला. त्या दिवशीचा हिक्किम गावच्या उंचावरच्या पोस्टातून कार्ड टाकायचा कार्यक्रम त्यात बुडाला आणि बाईंशी कुणी बोलेना. मला गाईड आवडला.

(हिक्किमहून दुसऱ्या दिवशी टाकलेलं पोस्टकार्ड चिपळूणला पोचलं, आम्ही घरी आल्यावर बऱ्याच दिवसांनी. आईने अजून फ्रिजवर लावलंय.)

निवांत_नाशिककर
मारखा व्हॅलीत होमस्टे कसे वाढले त्यामागे हिमबिबट्याही आहे. हेमिस नॅशनल पार्कचाच भाग तो. रात्री बिबट्या गोठ्यात शिरला की एक मेंढी खाऊन थांबत नाही, घाबरून पळणाऱ्या सगळ्या मारतो. मग गावकरी त्याला मारायचे. आता पर्यटक बिबट्यासाठी येतात आणि घरात राहतात, तर तोच जिवंत हवा झालाय. तिथल्या हांकर गावच्या आजोबांनी मला गोठ्यावर नवीन बसवलेली जाळी दाखवली. म्हणाले पूर्वी वाटायचं याला गोळी घालावी, आता वाटतं माझ्या नाही, शेजारच्याच्या मेंढ्या खाव्यात.

चकलीचं_भाजाणं
आजोबा 🤣 आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी होऊ शकतात.

मोगरा_गजरा
वाचतेय कधीची. एक प्रश्न. आईला जूनमध्ये न्यायचं आहे, ६८ वय, बीपीची गोळी चालू. ट्रॅव्हलवाले म्हणतात काही होत नाही, विमानाने लेह आणि दुसऱ्या दिवशी खारदुंग ला. बरोबर आहे का?

सह्यभटक्या
मोगरा, नाही. दुसऱ्या दिवशी ५,३५९ मीटर? आधी तिच्या डॉक्टरांना विचार, डायमॉक्सही (विरळ हवेसाठीची गोळी) त्यांनाच विचारून. आणि लेहला दोन रात्री किमान, जास्त तर बरं. ट्रॅव्हलवाला बदल.

आजीबाईंचा_बटवा
मोगरा, मी ७१ ची असताना गेले. पण आमच्या लोकांनी पहिले दोन दिवस हॉटेलच्या गच्चीच्या पलीकडे जाऊ दिलं नाही. आईला पातळ सूप आवडतं का? पोस्टपेड सिम लागेल, बाहेरचं प्रीपेड तिथे चालत नाही. सगळ्या मुलांनी व्हॉट्सॲपवर "पोचलात का" विचारून वेड लावलं होतं, उत्तर जात नव्हतं.

मोगरा_गजरा
धन्यवाद आजी, सह्य. सप्टेंबरला ढकलते, दादालाही सुट्टी मिळेल.

आजीबाईंचा_बटवा
कोकणकडा, मेतकूट: चणाडाळ एक वाटी, उडीदडाळ पाऊण, तांदूळ पाव, गहू पाव वाटी, हे सगळं मंद आचेवर वेगवेगळं भाजायचं. मेथ्या अर्धा चमचा, जास्त नको. सुंठ, हिंग, हळद, मोहरी, जिरे, लाल मिरची. दळून आणा.

कोकणकडा_७
आजी आमच्याकडे मेथ्या जास्तच घालतात, आई म्हणते त्याशिवाय वास येत नाही.

आजीबाईंचा_बटवा
तुमच्या आईचा नंबर द्या, मी बोलते.