अनुभव धागा: घरात कुत्रं-मांजर आणि गोव्याचा पावसाळा, व्हॅक्यूम क्लीनर कसा निवडलात?

फोंडा (एक गावठी कुत्रा, दोन मांजरं)

चतुर्थी तोंडावर आली आहे, घरोघरी साफसफाई चालू आहे. झाडू मारला की केस गोळा होण्याऐवजी पुढे पुढे पळतात आणि सोफ्याखाली जाऊन बसतात, त्यामुळे यंदा मशीन घ्यायचंच. दुकानात मात्र पहिला शब्द ऐकू येतो तो वॅट. वॅट म्हणजे मोटर किती वीज घेते तो आकडा. केस किती उचलले जातील हे त्यावरून कळत नाही. युरोपीय संघाने 2017 पासून घरगुती मशीनला 900 वॅटची मर्यादा घातली आहे, आणि तिथे तर घरोघरी गालिचे! म्हणून मॉडेलच्या नावांपेक्षा तुमच्या घरात काय चाललं, काय नाही आणि का, ते सविस्तर लिहा.

मडगाव (लॅब्राडोर)

आमच्याकडे सगळं ब्रशवर अडतं. फरशीवरचे केस कुठलंही मशीन ओढतं. खरी परीक्षा सोफा, गादी आणि गाडीची मागची सीट. लॅब्राडोरच्या आतल्या थराचे मऊ, आखूड केस कापडाच्या विणीत रुततात, ते नुसत्या हवेने सुटत नाहीत. खरवडून वर काढायला फिरता ब्रश लागतो, आणि त्यात दोन प्रकार आहेत. टर्बो ब्रश ओढलेल्या हवेवर फिरतो, जाड कापडावर दाबला की मंदावतो, कधी थांबतोच. दुसऱ्याला स्वतःची छोटी मोटर असते, तो दाबला तरी फिरत राहतो. दुकानात डेमो फरशीवर नको, कापडी खुर्चीवर मागा.

आणखी एक बघा: ब्रशचा रूळ हाताने बाहेर निघतो का? आमच्याकडे कुत्र्याचे केस, माझे लांब केस आणि शिवणाचे दोरे असं सगळं त्याच्यावर घट्ट गुंडाळलं जातं. दर रविवारी रूळ काढून कात्रीने उभी चीर देते, की सगळा गुंता सालीसारखा निघतो. स्क्रू उघडावे लागणारं मशीन असतं तर हे नियमाने झालंच नसतं.

साखळी (तीन कुत्री, जुनं चिऱ्याचं घर)

आमच्याकडे केसांइतकीच तांबडी धूळ. पिठासारखी बारीक, भिंतीतूनही झरते आणि कुत्र्यांच्या पायांतूनही येते. बॅगविना छोट्या डब्याच्या मशीनचा फिल्टर तिने लगेच बुजतो आणि ओढ कमी होते. आम्ही ओलं-सुकं दोन्ही ओढणारं ड्रमवालं मशीन घेतलं. पिल्लाने शू केली तरी चालतं, फक्त त्याआधी कापडी बॅग काढून फोमचा फिल्टर लावायचा. साध्या मशीनने पाणी कधीही ओढू नका, मोटर जाते.

जुन्या घरांसाठी मुद्दाम सांगतो: 1600 वॅटचं मशीन सुमारे 7 अँपिअर घेतं. लहान 6 अँपिअरच्या प्लगवर ते चालवू नये. घेण्याआधी घरात मोठा 16 अँपिअरचा प्लग कुठे आहे आणि वायर तिथून पडवीपर्यंत पोचते का, ते मोजा.

पणजी (एक मांजर, मुलाला दमा)

मी सगळ्यात आधी फिल्टर बघते. मांजराची ॲलर्जी केसाची नसते, मुख्यतः त्याच्या लाळेतल्या आणि कातडीतल्या एका प्रथिनाची असते. मांजर अंग चाटतं, लाळ केसांवर सुकते, आणि तिचे सूक्ष्म कण हवेत बराच वेळ तरंगत राहतात. साधं मशीन हे कण पुढून ओढतं आणि मागून खोलीत सोडतं. हेपा फिल्टर 0.3 मायक्रॉनचे 99.97 टक्के कण अडवतो, असं त्याचं मानक आहे. पण बाकीचं मशीन सीलबंद नसेल तर हवा फटींतून निसटते, मग त्या आकड्याला अर्थ नाही. म्हणून मी बॅगवालं घेतलं. बॅगेचा खर्च सतत आहे, पण डबा आपटून रिकामा करताना उडणारा धुरळा मुलाच्या छातीला परवडत नाही. मशीन चालू असताना त्याला दुसऱ्या खोलीत ठेवते.

धुता येणाऱ्या फिल्टरचं मात्र इथल्या पावसात फार जपावं लागतं. पुस्तिकेत "24 तास वाळवा" लिहिलेलं असतं. जुलैत एवढ्या वेळात तो वाळत नाही. वरून कोरडा लागतो, घड्यांच्या आत बोट घातलं की गार लागतं. तसाच बसवला तर कुबट वास घरभर होतो, बुरशी धरते, मोटरलाही धोका. मशीनबरोबरच दुसरा फिल्टर विकत घ्या: एक मशीनमध्ये, एक पंख्याखाली. सुटा फिल्टर मिळत नसेल तर ते मशीन गोव्यात घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

म्हापसा (दोन मांजरं)

पणजीच्या ताईंशी पूर्ण सहमत. पिसवांबद्दल मी भर घालतो. पिसवांची अंडी जनावराच्या अंगावरून खाली पडतात, म्हणून मांजर झोपतं तो कोपरा, गादीची शिवण आणि सोफ्याच्या फटी यांवरून अरुंद नळी फिरवायची. कोशातली पिसू मशीनच्या थरथरीने बाहेर येते, हेही चांगलंच, कारण कोशात असेपर्यंत औषध तिला फारसं लागत नाही. त्यानंतर बॅग किंवा डबा लगेच घराबाहेर रिकामा करायचा. मांजराला डॉक्टरांनी दिलेलं औषध मात्र चुकवू नका, नुसत्या मशीनने पिसवा जात नाहीत.

कळंगुट (एक बीगल)

रोबोटचा अनुभव. नव्या फ्लॅटमध्ये छान, रोजची वाळू आणि केस तो उचलतो. आईच्या जुन्या घरी नेला तर काळ्या-पांढऱ्या फरशीवर काळा चौकोन आला की थांबायचा. पुढे खड्डा आहे की नाही हे त्याचे खालचे सेन्सर परतणाऱ्या प्रकाशावरून ओळखतात, काळा रंग प्रकाश शोषतो. शिवाय उंच उंबरठे तो चढत नाही. आणि घरात शी करणारं पिल्लू असेल तर आपण बाहेर असताना रोबोट लावू नका, तो ती सगळ्या खोल्यांत पसरवतो.

फोंडा

किती छान लिहिलंत सगळ्यांनी! फिरता ब्रश, सुटा फिल्टर आणि प्लग एवढं वहीत टिपलं. एक राहिलं: आमचा कुत्रा मिक्सरच्या आवाजालाही पलंगाखाली जातो. त्याचं काय करावं?

मडगाव

मशीन आणल्या आणल्या चालू करू नका. बंद असताना हॉलमध्ये ठेवा, त्याला हुंगू द्या, शेजारी खाऊ टाका. मग दुसऱ्या खोलीत दार लावून थोडा वेळ चालवा, इकडे कुणीतरी त्याच्याजवळ बसा. हळूहळू दार उघडा. कुत्र्यांना आपल्यापेक्षा कितीतरी वरच्या पट्टीतले आवाज ऐकू येतात, त्यामुळे खोक्यावर डेसिबल कमी लिहिले असले तरी मोटरची शिट्टी त्याला टोचू शकते. कमी वेगाचं बटण असलेलं मशीन घ्या आणि त्याच्यासमोर सुरुवात त्यावरच करा. आमच्याने वेळ घेतला, पण आता मशीन चालू असताना सोफ्यावरून उठत नाही, त्यालाच उठवावं लागतं.